सेकंदाला एक लाख व्यवहार? आधी पैसे बाहेर कसे काढायचे ते दाखवा

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या तरुण संचालकाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "ताई, गंगापूर रोडच्या एका हॉटेलात नव्या ब्लॉकचेन नेटवर्कचं प्रेझेंटेशन झालं. इथेरियमच्या वर चालणारं लेयर टू आहे म्हणे. सेकंदाला एक लाख व्यवहार, अर्ध्या सेकंदात व्यवहार पक्का, फी जवळपास शून्य आणि सुरक्षा थेट इथेरियमची. निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदी त्यावर टाका, आणि टोकन बाजारात यायच्या आत पाच लाखांचं नोड लायसन्सही घेऊन ठेवा, असं सांगतायत. आकडे खरे असतील का? धोका किती?"

नेटवर्कचं नाव तुम्ही कळवलंय, मी इथे घेत नाही. अठरा वर्षं सर्व्हर सांभाळतेय, त्यातली शेवटची आठ ब्लॉकचेनचे नोड, म्हणजे साखळीचं सॉफ्टवेअर चालवणारे संगणक, आणि अशी प्रेझेंटेशनं बरीच बघून झाली. स्लाइडचा रंग बदलतो, बाकी सगळं तेच असतं. नवख्यांसाठी थोडक्यात: ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही, म्हणून तिला साखळीही म्हणतात. इथेरियम ही त्यातली एक मोठी साखळी, लेयर टू म्हणजे तिच्यावर टेकून चालणारं वेगळं नेटवर्क, आणि टोकन म्हणजे अशा नेटवर्कचं डिजिटल नाणं.

आधी तुमची गरज किती ते बघू. हंगामात पॅकहाउसमधून दिवसाला दहा हजार पेट्या निघतात असं धरा, आणि प्रत्येक पेटीची वेगळी नोंद करायची. दहा तासांचं काम म्हणजे छत्तीस हजार सेकंद. साडेतीन सेकंदांना एक नोंद झाली. एवढं काम माझ्या टेबलाखालचा जुना संगणकही करेल. आता दुसरं टोक बघा. २०२५च्या ऑगस्टमध्ये यूपीआयने पहिल्यांदा महिन्याला २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. एकतीस दिवसांच्या सेकंदांनी भागलं तर सरासरी सेकंदाला साडेसात हजारांच्या आत-बाहेर. चहाच्या टपरीपासून सराफापर्यंत अख्खा देश धरून. त्याच्या तेरापट काम आपण करू, असं हे नेटवर्क म्हणतंय, आणि अजून त्याचं मेननेट, म्हणजे खऱ्या पैशांवर चालणारं नेटवर्कसुद्धा, सुरू झालेलं नाही.

म्हणून ते खोटंच बोलतायत असं मी म्हणत नाही. टीपीएस, म्हणजे सेकंदाला किती व्यवहार, हा आकडाच असा आहे की खोटं न बोलता तो फुगवता येतो. इथेरियमचं उदाहरण घ्या. २०२१ ते २०२५च्या सुरुवातीपर्यंत तिथे एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३ कोटी गॅसची मर्यादा होती. गॅस हे साखळीवरच्या कामाचं माप. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नुसतं ईथर (इथेरियमचं नाणं) पाठवायला २१,००० गॅस लागतो. भागाकार करा: ब्लॉकमागे १,४२८ व्यवहार. ब्लॉक दर १२ सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ११९. प्रत्यक्षात मात्र तेव्हा व्हायचे बारा ते पंधरा. कारण लोक नुसतं ईथर पाठवत नाहीत, टोकनची अदलाबदल करतात, कर्ज काढतात, आणि तसल्या एका व्यवहाराला लाखभर गॅस सहज जातो. एसटीत माणसं किती मावतात हे मोजताना रिकाम्या हातांची मोजायची की कांद्याच्या गोण्या घेऊन चढलेली, एवढाच फरक. सोलाना या दुसऱ्या साखळीच्या ढोबळ टीपीएसमध्ये व्हॅलिडेटरांची, म्हणजे ब्लॉक तपासणाऱ्या संगणकांची, मतंसुद्धा व्यवहार म्हणून धरली जातात. ती वगळली की आकडा बराच खाली येतो. ही माहिती कुणी लपवलेली नाही, स्लाइडवर ती नसते इतकंच.

तुमचा निरोप आल्यावर रविवारी रात्री त्यांच्या टेस्टनेटचा (चाचणीच्या नेटवर्कचा) एक्सप्लोरर, म्हणजे व्यवहार दाखवणारं संकेतस्थळ, उघडून बसले. 'विक्रमी' म्हणून मिरवलेल्या तासातले सलग दोनशे ब्लॉक उतरवून घेतले आणि पाठवणारा, घेणारा, रक्कम, गॅस असे चारच रकाने काढले. पाठवणारे पत्ते मोजकेच, तेच तेच पुन्हा. घेणारा पत्ता बहुतेक ठिकाणी पाठवणाराच. रक्कम शून्य. गॅस प्रत्येक ओळीत २१,०००. स्वतःच्या उजव्या खिशातून डाव्या खिशात काहीच न टाकण्याचा विक्रम. वर गंमत अशी की हे व्यवहार एकमेकांत कुठेच अडकत नाहीत, त्यामुळे सगळे समांतर चालवता येतात. खऱ्या बाजारात हजार लोक एकाच वेळी एकाच लिक्विडिटी पूलवर (टोकन बदलून घ्यायच्या सामाईक साठ्यावर) तुटून पडतात, तेव्हा त्यांना एकामागे एकच सोडावं लागतं. उड्डाणपुलावर चार लेन असल्या तरी द्वारका चौकात उतरल्यावर काय होतं, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

हे वेगाचं झालं. त्यांच्या दाव्यातला खरा घोळ 'सुरक्षा थेट इथेरियमची' या शब्दांत आहे, आणि तो पकडायला कोड वाचता यायची गरज नाही, गुणाकार-भागाकार येत असला तरी पुरे.

रोलअप या लेयर टूच्या प्रकारात व्यवहार बाहेर चालवायचे, पण त्यांची माहिती इथेरियमवर टाकून ठेवायची, म्हणजे उद्या ही कंपनी गाशा गुंडाळून गेली तरी ती माहिती वाचून कुणालाही सगळी खाती पुन्हा मांडता येतील. 'इथेरियमची सुरक्षा' म्हणायचा हक्क यातूनच मिळतो. ही माहिती टाकायला मार्च २०२४च्या डेनकुन अपग्रेडपासून ब्लॉब नावाची वेगळी जागा आहे. एक ब्लॉब १२८ केबीचा. मे २०२५च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर एका ब्लॉकला ६ ब्लॉब हे लक्ष्य आणि ९ ही कमाल मर्यादा झाली. सहाच धरा: ७६८ केबी दर १२ सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ६४ केबी. हे सगळ्या रोलअपना मिळून, एकट्याला नाही. नेहमीच्या पद्धतीने दाबून भरला तर साधा व्यवहार शंभरेक बाइट खातो असं धरा. म्हणजे सगळ्यांना मिळून सेकंदाला साडेसहाशेच्या आसपास व्यवहार. डिसेंबर २०२५च्या फुसाका अपग्रेडनंतर ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढू लागली आहे. दहापट झाली असं समजा. तरी साडेसहा हजार.

आता एक लाख व्यवहार गुणिले शंभर बाइट. सेकंदाला एक कोटी बाइट, दिवसाला ८६४ जीबी. एवढा माल ६४ केबीच्या नळीतून जातच नाही. म्हणजे माहिती इथेरियमवर जात नाहीये, दुसरीकडे कुठेतरी ठेवली जातेय. इथे एक सूट प्रामाणिकपणे द्यायला हवी. काही झेडके (गणिती पुराव्यावर चालणारे) रोलअप प्रत्येक व्यवहार न टाकता बॅचच्या शेवटी खात्यांत झालेला निव्वळ बदल तेवढा टाकतात. एकच खातं शंभरदा हललं तरी ओळ एकच जाते, त्यामुळे जागा बरीच वाचते. पण लाख वेगवेगळे लोक लाख वेगवेगळी खाती हलवत असतील तर ही बचत बरीच कमी होते.

दुसरीकडे माहिती ठेवणं हा गुन्हा नाही. सेलेस्टिया, आयगनडीए यांसारख्या व्यवस्था त्यासाठीच आहेत. काही नेटवर्कं आपल्याच चार-सहा सर्व्हरांची समिती नेमतात. पण मग सुरक्षा त्या समितीची. तिने माहिती द्यायचं थांबवलं की तुमच्या खात्यात किती होते हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. त्यांच्या श्वेतपत्रिकेत अकराव्या पानावर एका वाक्यात 'डेटा उपलब्धता समिती' आहे. प्रेझेंटेशनमध्ये ती होती का, ते तुम्ही मला सांगा.

अर्ध्या सेकंदात व्यवहार 'पक्का' याचं काय? लासलगावला ट्रॅक्टरपुढे भाव पुकारला गेला म्हणजे पैसे हातात पडले असं कुणी धरत नाही. वजन होतं, व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी होते, खालचा माल वेगळा निघाला म्हणून वांधा निघतो, तो मिटतो, हिशेबपट्टी मिळते, मग पैसे. लेयर टूवरही अशाच पायऱ्या आहेत. अर्ध्या सेकंदात मिळतो तो नुसता पुकारा: सिक्वेन्सर नावाचा त्यांचा एक सर्व्हर 'घेतला तुमचा व्यवहार' असं सांगतो. मग बॅच इथेरियमवर जाते, आणि इथेरियमवरच ती कायमची व्हायला सर्व सुरळीत असताना सुमारे १३ मिनिटं लागतात. ऑप्टिमिस्टिक प्रकारचा रोलअप असेल तर पैसे मुख्य साखळीवर परत न्यायला साधारण सात दिवस. ते सात दिवस म्हणजे वांधा काढायची मुदत: बॅचमध्ये कुणी खोटा हिशेब घुसवला असेल तर या काळात दुसऱ्या कुणीतरी तो पकडून दाखवायचा. झेडके प्रकारात वांध्याची भानगड नाही, हिशेब बरोबर असल्याचा गणिती पुरावाच सोबत येतो. पण तो तयार होऊन इथेरियमवर तपासला जाईपर्यंत वेळ जातोच.

मुदत ठेवली म्हणून वांधा काढायची सोय असतेच असंही नाही. ऑप्टिमिझम या लेयर टूचं नाव मोठं, पैसा मोठा. डिसेंबर २०२१मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं हे नेटवर्क १० जून २०२४पर्यंत फ्रॉड प्रूफ नावाच्या या पुराव्याच्या यंत्रणेशिवायच चाललं. मुदत होती, पण वांधा कुठे नोंदवायचा ते टेबलच नव्हतं. टेबल आल्यावर दोन महिन्यांत ऑडिटमध्ये त्रुटी सापडल्या आणि काही काळ ते मोजक्या लोकांपुरतं मर्यादित करावं लागलं. त्यांनी हे उघड सांगितलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण इतक्या मोठ्या चमूला एवढी वर्षं लागली, तर सहा महिन्यांच्या नेटवर्कने 'फ्रॉड प्रूफ तयार आहे' म्हटलं की मी कॉन्ट्रॅक्टचा (साखळीवरच्या प्रोग्रामचा) पत्ता मागते.

सिक्वेन्सर एकच असतो, ही गोष्ट बहुतेक लेयर टूंची आहे, नव्याचीच नाही. तो बंद पडतो. आर्बिट्रम या लेयर टूचा १५ डिसेंबर २०२३ला तासाभराहून जास्त वेळ बंद होता. तो बंद पाडताही येतो: जून २०२४मध्ये लिनिया नेटवर्कवरच्या एका एक्सचेंजवर हल्ला झाला तेव्हा चमूने ब्लॉक बनवणंच थांबवलं. हेतू चांगला होता, चोराला अडवायचा. पण साखळी थांबवणारं बटण कुणाच्या तरी हातात आहे, हेही त्यातून दिसलं. म्हणून चांगल्या रोलअपमध्ये मागच्या दाराची सोय असते. सिक्वेन्सर तुम्हाला दाद देत नसेल तर व्यवहार थेट इथेरियमवरच्या कॉन्ट्रॅक्टला द्यायचा. ऑप्टिमिझमच्या चौकटीत १२ तासांत, आर्बिट्रममध्ये साधारण २४ तासांत तो घ्यावाच लागतो. मी कुठलंही नवं नेटवर्क तपासताना वेग मोजायच्या आधी हे दार वाजवून बघते. तुमच्या नेटवर्कच्या टेस्टनेटवर शोधलं. कागदपत्रांत 'लवकरच' असं लिहिलंय.

हे दार पहिल्यांदा वाजवायला मी का शिकले ते सांगते. २०२२च्या पावसाळ्यात एका नव्या साखळीवर चाचणीसाठी स्वतःचे चाळीसेक हजार रुपयांचे टोकन ब्रिजने, म्हणजे दोन साखळ्यांना जोडणाऱ्या सोयीने, नेले होते. काम झालं, परत न्यायला गेले तर 'काढा' हे बटण राखाडी. वर पट्टी: देखभाल सुरू आहे. वाटलं, संकेतस्थळ बंद असेल, कॉन्ट्रॅक्ट तर माझ्या हातात आहे. एक्सप्लोररवरून थेट फंक्शन चालवलं. व्यवहार नाकारला गेला, कारण दिलं होतं एकच शब्द: पॉज. कोड वाचला तर पॉज लावणारा आणि काढणारा एकच पत्ता, साधा, एका किल्लीचा, म्हणजे एकाच गुप्त सहीवर चालणारा. अकरा दिवसांनी त्यांनी तो काढला, पैसे आले. कुणी चोरी केली नव्हती. पण ते अकरा दिवस माझे पैसे माझे होते की त्या किल्लीवाल्याचे, याचं उत्तर मला आवडलं नाही.

किल्ल्यांची गोष्ट याहून वाईटही झालीय. मार्च २०२२मध्ये रोनिन साखळीच्या ब्रिजमधून सुमारे ६२ कोटी डॉलरचा माल गेला. नऊ व्हॅलिडेटर होते, पाच सह्या पुरत होत्या, आणि त्यातल्या चार किल्ल्या एकाच कंपनीकडे. हल्लेखोराने त्या चार आणि एक पाचवी मिळवली. चोरी २३ तारखेची, लक्षात आली २९ला, तेही एका वापरकर्त्याला ५,००० ईथर काढता येईनात तेव्हा. त्याच वर्षी जूनमध्ये हार्मनी साखळीच्या ब्रिजला पाचपैकी दोनच सह्या लागत होत्या. तिथून दहा कोटी डॉलरच्या आसपास गेले. दोन्हीकडे ब्लॉकचेनचं गणित कुणी मोडलेलं नाही. कपाट मजबूतच होतं, किल्ल्या खिळ्याला टांगलेल्या होत्या.

तुमच्या नेटवर्कचे ब्रिज आणि अपग्रेडचे कॉन्ट्रॅक्ट टेस्टनेटवर पाचपैकी तीन सह्यांच्या मल्टिसिगकडे (सामाईक सह्यांच्या खात्याकडे) आहेत, आणि बदल लागू व्हायला मुदत शून्य. म्हणजे तीन जण एकत्र बसले तर रात्रीतून नियम बदलू शकतात, आणि तुम्हाला सकाळी कळेल. ते तिघे कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही. एलटूबीट नावाचं संकेतस्थळ लेयर टूंना टप्पा शून्य, एक, दोन अशी श्रेणी देतं, ती नेमकी यावरच: पुराव्याची यंत्रणा चालू आहे का, बदलाची मुदत किती, लोकांना स्वतःहून बाहेर पडता येतं का. शून्य टप्प्यावर नामवंत नेटवर्कंही आहेत, त्यामुळे शून्य म्हणजे फसवणूक असं नाही. शून्य म्हणजे तुमचा भरवसा गणितावर नाही, माणसांवर आहे. मग माणसं तरी ओळखीची हवीत.

नगण्य फीबद्दल फार लिहीत नाही. ब्लॉब आल्यापासून फी सगळीकडेच पडली आहे. नव्या नेटवर्कची फी बहुधा गुंतवणूकदारांच्या पैशातून भरली जाते, आणि तो पैसा संपला की कळतं.

नोड लायसन्सवर मात्र माझं मत स्पष्ट आहे: नको. नोड म्हणजे सॉफ्टवेअर, ते चालवायला लायसन्स विकत घ्यावं लागत असेल तर विकला जाणारा माल टोकनचं स्वप्न आहे. त्यांच्याच कागदात लिहिलंय की बक्षिसाचे टोकन तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने सुटतील, आणि संस्थापकांचे व गुंतवणूकदारांचे सुटायला लागतील एका वर्षानंतर. म्हणजे तुम्ही विकायला उभे राहाल तेव्हा तेही रांगेत असतील, तुमच्यापेक्षा कितीतरी मोठी गोणी घेऊन. त्यात कर: १ एप्रिल २०२२पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि वर सेस, एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि १ जुलै २०२२पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. बक्षीस म्हणून मिळालेल्या टोकनचं काय, ते तुमच्या सीएंना विचारा. आणि हे पाच लाख तुमचे नाहीत, सभासदांचं भागभांडवल आहे. वार्षिक सभेत उभं राहून हा खर्च समजावता येईल का, याचा विचार करा.

राहिल्या द्राक्षांच्या नोंदी. निर्यातीच्या बागांसाठी अपेडाचं (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं) ग्रेपनेट आहेच, बाग नोंदणीपासून रासायनिक अंश तपासणीपर्यंतचा माग तिथे राहतो, आणि परदेशी खरेदीदार त्यालाच विचारतो. ब्लॉकचेनवर टाकलेली नोंद नंतर बदलता येत नाही, हे खरं. पण टाकतानाच चुकीची टाकली तर ती चूकही कायमची. फवारणीची तारीख कुणी मागेपुढे लिहिली तर साखळीला ते कळत नाही, ते बागेत जाणाऱ्या माणसालाच कळतं. शिवाय शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर सार्वजनिक साखळीवर टाकू नका. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे, आणि इथे पुसणं नावाची गोष्टच नाही. तरीही हौस असेल, किंवा एखादा खरेदीदार मागत असेल, तर दिवसभराच्या सगळ्या नोंदींचा मिळून एक हॅश (छोटा डिजिटल ठसा) काढा आणि रोज संध्याकाळी तो एखाद्या जुन्या, चालत्या साखळीवर टाका. दिवसाला एकच व्यवहार. मूळ नोंदी तुमच्याच सर्व्हरवर. दोन दिवसांत हे बसवून देता येतं, मी पिंपळगावच्या एका पॅकहाउसला दिलंय.

त्यांना नाही म्हणायच्या आधी एक मेल करून बघा, चारच गोष्टी विचारा. व्यवहारांची माहिती नेमकी कुठे ठेवली जाते? अपग्रेडच्या किल्ल्या किती, कुणाकडे, आणि बदल लागू व्हायला किती दिवसांची मुदत? सिक्वेन्सर आठवडाभर बंद राहिला तर माझे पैसे मी एकट्याने कसे काढायचे, पायऱ्यांसकट? आणि विक्रमी तासात वेगवेगळे पत्ते किती होते? उत्तरात कॉन्ट्रॅक्टचे पत्ते आले तर मला पाठवा, मी शनिवारी बसून तपासते. पुन्हा पीडीएफच आली तर ती उघडायचे कष्ट घेऊ नका. छाटणीचे दिवस आहेत, तुम्हाला बागेत कामं असतील.